शेडचं भाडं कोण देणार?

श्रावणाचा पहिला आठवडा होता. दिंडोरी तालुक्यात भाच्याच्या कोंबड्यांच्या शेडवर गेलो, तर तो फोन कानाला लावून पडद्याबाहेर येरझाऱ्या घालत होता. पलीकडून, पक्षी ज्या कंपनीचे तिचा सुपरवायझर म्हणत होता, "उद्या नक्की." हे 'उद्या' त्याआधी चार दिवस चालू होतं. दोन शेडमध्ये मिळून दहा हजार पक्षी, वय सेहेचाळीस दिवस. एरवी अडतीस ते बेचाळीस दिवसांत गाडी भरून जाते. आत पाऊल टाकायला जागा नव्हती. पक्षी इतके जड झालेले की पायाशी आलं तरी सरकत नव्हते, नुसते मान वळवून बघत होते. तुसाला ओल सुटलेली आणि अमोनियानं दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले.

गाडी का येत नव्हती, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. गटारी झाली, श्रावण लागला, चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट झाला. माल उठेना म्हणून व्यापारी गाडी लावेनात. पण पक्ष्याला श्रावण कळत नाही. या वयात तो दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो. दहा हजार पक्ष्यांचं झालं दोन टन, म्हणजे पन्नास किलोच्या चाळीस गोण्या. खाद्य चाळीस रुपये किलो धरलं तर रोजचे ऐंशी हजार. गोण्या कंपनीच्याच असतात, पण बॅच संपल्यावर हिशेबाचा जो कागद येतो त्यात त्या भाच्याच्या नावापुढे लागतात. खाणं तेच आणि अंगावर मांस चढण्याचा वेग मंदावलेला, म्हणजे एफसीआर, किलोभर वजनामागे किती किलो खाद्य लागलं तो आकडा, बिघडला. एफसीआर बिघडला की शेतकऱ्याला मिळणारा संगोपनाचा दर कापला. श्रावण काही माझ्या भाच्यानं आणलेला नव्हता.

हे मी त्रयस्थ म्हणून लिहीत नाही. नोकरीतली बरीच वर्षं मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलो. दिंडोरी, सिन्नर, निफाड, चांदवड या तालुक्यांतल्या कितीतरी शेडच्या कर्जप्रकरणांवर माझी सही आहे. अर्जाला कंपनीचं पत्र जोडलेलं असलं की आम्ही निर्धास्त असायचो. त्या पत्रात 'पक्षी पुरवण्यास तयार आहोत' एवढंच असायचं. वर्षाला किती वेळा, हे त्यात नसायचं आणि आम्ही कधी विचारलंही नाही. प्रकल्प अहवालात मात्र वर्षाला सहा बॅच छापलेल्या असत आणि त्यावर हप्ता बसवला जाई.

ज्यांना हा धंदा बाहेरूनच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रॉयलरच्या करार पद्धतीत एक दिवसाचं पिल्लू, खाद्य, लस, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज, तूस, शेगडी, मजुरी शेतकऱ्याची. पक्षी दोन-सव्वादोन किलोचा झाला की कंपनी उचलते आणि शेतकऱ्याला जिवंत वजनावर किलोमागे संगोपन दर देते. मर किती झाली, एफसीआर किती आला, यावर तो दर वरखाली होतो. ही पद्धत तमिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला १९९०च्या दशकात रुजली, तिथून आपल्याकडे आली. नाशिकला ती मानवलीही. मुंबई-ठाणं कसारा घाटाखाली, सुरत दुसऱ्या अंगाला. येवला-मालेगावकडे खाद्याला मका. आणि शेडमधून निघणारं कोंबडखत घ्यायला द्राक्षबागायतदार दारात उभे.

करार पद्धतीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांपैकी मी नाही. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'चिकननं कोरोना होतो' ही अफवा मोबाइलवरून फिरली, तेव्हा स्वतःचे पक्षी स्वतः विकणारे उघड्यावर आले. लोकांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्डे खणून पुरले. करारातल्या शेतकऱ्याचे पक्षी कंपनीचे होते, त्या फटक्यातून तो वाचला. गारपिटीनं बाग झोपली त्या वर्षी घरखर्च शेडनं चालवला, असं सांगणारे माझे कर्जदार होते आणि ते खोटं बोलत नव्हते. बाजारभावाची जोखीम कंपनी घेते, हे खरंच आहे.

पण दुसरी एक जोखीम आहे, तिचं नाव करारात कुठेच नसतं. शेड रिकामं राहण्याची.

भाच्याचा हिशेब मांडतो. आकडे गोल केलेत, पण या धंद्यातल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. दहा हजार पिल्लं टाकली, पाच टक्के मर गेली, साडेनऊ हजार उरले. सरासरी २.१ किलो वजन, म्हणजे वीस टन माल. दर सात रुपये धरला तर एका बॅचचे एक लाख चाळीस हजार. दोन शेडवर वीस लाखांचं कर्ज, अकरा टक्के, सात वर्षं. महिन्याचा हप्ता चौतीस हजारांच्या वर, वर्षाला चार लाख दहा हजार. तूस, कोळसा, चुना, वीज मिळून बॅचला पंचवीस हजार. शेडवर राहणाऱ्या जोडप्याला महिना बारा हजार.

सहा बॅच झाल्या तर आठ लाख चाळीस हजार येतात आणि सगळं भागवून एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास उरतात. पाचच झाल्या तर सात लाख येतात आणि उरतात वीस-बावीस हजार. चार झाल्या तर हप्ता थकतो. कोंबडखताचे पैसे येतात ते वेगळे. 'खत हाच आपला नफा' असं पोल्ट्रीवाले हसत म्हणतात, त्यातलं हसू सोडून द्या. म्हणजे शेतकरी तरणार की बुडणार, हे त्याच्या मेहनतीपेक्षा वर्षात किती वेळा पिल्लं टाकली गेली यावर ठरतं. ते ठरवते कंपनी. मागणी पडली की दोन बॅचमधला पंधरा दिवसांचा गॅप चाळीस दिवसांचा होतो. कंपनीच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही, बाजारात माल जास्त झाला तर कोण माल वाढवेल? तिनं उत्पादन आवरलं. पण ते आवरायची किंमत भाच्याच्या रिकाम्या शेडनं दिली. बँकेचा हप्ता चातुर्मास पाळत नाही.

आता एफसीआरचं बघा. वीस टन माल १.६० एफसीआरनं निघाला तर बत्तीस टन खाद्य लागतं. १.७५नं निघाला तर पस्तीस टन. फरक तीन टनांचा, साठ गोण्यांचा, चाळीसच्या भावानं एक लाख वीस हजारांचा. संगोपनाचा सगळा मोबदला एक लाख चाळीस हजार! कंपनी हा फरक पूर्ण कापत नाही, सूत्र लावून काही भाग कापते, तेवढं न्यायाचं बोललं पाहिजे. पण एफसीआर शेतकऱ्याच्या हातात किती असतो? पिल्लू कसलं आलं, खाद्याचा दर्जा काय, गाडी कितव्या दिवशी लागली, हे त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात काय असतं ते मी निफाडला पाहिलंय. जानेवारीत तिथं पारा तीन-चार अंशांवर येतो. पिल्लांच्या गोलाभोवती पत्र्याचं कुंपण, वर ताडपत्री, मध्ये शेगड्या, आणि घरातलं एक माणूस रात्रभर तिथं जागं. गार पडलं की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, म्हणून दर तासाला हातानं विलग करायची. मे महिन्यात याच्या उलट. दुपारी वीज गेली, पंखे थांबले की दोन किलोचे पक्षी चोच उघडून धापा टाकतात. बारदान भिजवून पडद्यांना लावायचं, छतावर पाणी मारायचं. पक्षी उचलण्याच्या आदल्या आठवड्यात अशी एक दुपार आली तर पाच टक्क्यांची मर आठवर जाते. हे जागरण, ही धावपळ शेतकऱ्याचीच आणि तिचं फळ-प्रायश्चित्त त्याला मिळायला हरकत नाही. पण श्रावणाचं प्रायश्चित्तही त्यानंच घ्यायचं?

लासलगावच्या बाजूला कांद्याची चाळ ज्याची, त्याच्याकडे दुसऱ्यानं कांदा ठेवला तर तो चाळीचं भाडं देतो. कांदा सडला, भाव पडला, चाळ अर्धी रिकामी राहिली, तरी ठरलेलं भाडं ठरलेलं. इथे पक्षी कंपनीचा, खाद्य कंपनीचं, विकणार कंपनी. मग हा माल ज्या छपराखाली वाढतो त्या छपराचं भाडं कुठाय? ते आहे, पण संगोपन दरात विरघळवून टाकलेलं. माल असेल तर भाडं, नसेल तर नाही. शेतकऱ्याला 'उद्योजक' म्हणायचं, त्याच्या नावावर कर्ज चढवायचं आणि त्याच्या भांडवलाला रोजंदारी लावायची, अशी ही तऱ्हा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संगोपन दराचे दोन तुकडे करा. एक शेडचं भाडं, चौरस फुटावर, दरमहा, पिल्लं असोत की नसोत. दुसरा संगोपनाची मजुरी, वजनावर, एफसीआर आणि मरीच्या हिशेबानं वरखाली होणारी. भाच्याचं शेड दहा हजार चौरस फूट. फुटाला महिना साडेतीन रुपये धरले तर हप्ता सुटतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्याचं भाडं याच्या कितीतरी पट आहे. वर्षाचं हे भाडं होतं चार लाख वीस हजार. पाच बॅचचे आज सात लाख मिळतातच, त्यातून हे वजा करा; उरलेल्या दोन लाख ऐंशी हजारांना वर्षाच्या एक लाख किलोंनी भागा. मजुरीचा दर बसला किलोला दोन रुपये ऐंशी पैसे. म्हणजे पाच बॅच टाकणाऱ्या कंपनीला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही. सहावी टाकली तर तिचे पैसे वाचतात. शेड रिकामं ठेवलं, तर मात्र त्याची किंमत जो रिकामं ठेवतो त्याच्या ताळेबंदात दिसते. गाडी सेहेचाळिसाव्या दिवसापर्यंत थांबवायची की नाही, हे मग तिथल्या साहेबांनाही वेगळं सुचेल.

हे मागायचं कुणी, हा खरा पेच. अंडीवाल्यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. भाव पाडून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना कंटाळून त्यांनी १९८२मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली आणि आपला भाव आपण जाहीर करायला लागले. पण त्यांचं अंडं त्यांचं होतं. करारातल्या ब्रॉयलरवाल्याकडे भाव जाहीर करायला स्वतःचं आहे काय? तो विकतो ते शेड आणि रात्रीची झोप, आणि या दोन्हींचा बाजार भरत नाही. शेजारच्या शेडवाल्याशी बोलावं तर तो दुसऱ्या कंपनीकडे, आणि फार बोललं की पुढची पिल्लं उशिरा येतात अशी सगळ्यांनाच धास्ती.

करार म्हणजे तरी काय असतो? भाच्याला मी कागद मागितला. सही केली होती, प्रत मिळाली नव्हती. दोन कोरे चेक मात्र दिले होते, ते त्याला नीट आठवत होतं. बँकेतल्या माणसाचा भाचा, आणि ही गत. दोष त्याचाही आहे, मी त्याला तिथंच उभं राहून बोललो. पण ज्या घरात सातबाऱ्यावरचं एक अक्षर चुकलं तर तलाठ्याकडे दहा खेपा होतात, त्या घरात वीस लाखांच्या शेडचा करार न वाचता सही होते, याचा अर्थ वाचून काही बदलणार नाही हे त्यांनी ओळखलंय.

कायदा लागतो तो इथे. केंद्रानं २०१८मध्ये करार शेतीचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला, त्याच्या नावातच शेतमालाबरोबर पशुधन होतं. तमिळनाडूनं २०१९मध्ये स्वतःचा कायदा केला. २०२०च्या केंद्रीय करार कायद्यात कुक्कुटपालन होतं, पण तंटा प्रांताधिकाऱ्याकडे न्यायचा आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद, अशी त्याची घडण होती. २०२१च्या नोव्हेंबरात तो इतर दोन कायद्यांसोबत मागे घेतला गेला. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसले त्यात करार शेतीची भीतीही होती. गंमत अशी की ती भीती खरी ठरवणारे करार आमच्याकडे त्याआधीपासून सुखेनैव चालू होते, कायद्याशिवाय. कडकनाथच्या नावानं अंडी-पक्षी परत विकत घेण्याचे करार करून सांगलीकडे जे झालं, ते २०१९मध्ये उघडकीला आलं तेव्हा पोलीस ठाण्यात जाण्यापलीकडे लोकांकडे काही नव्हतं. तो उघड फसवणुकीचा मामला आणि ब्रॉयलरच्या कंपन्या त्या पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल. पण करार तपासणारं कुणी नसतं, हे दोन्हीकडे सारखंच.

बर्ड फ्लूचं उदाहरण घेतलं की मालकीचा हा गुंता आणखी स्पष्ट होतो. देशातला पहिला उद्रेक २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, २०२१मध्ये तिथं पुन्हा. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आत पक्षी मारतात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. सरकारची भरपाई मारलेल्या पक्ष्याची असते. पक्षी ज्याचा त्याची भरपाई, हे सरळ आहे. पण त्यानंतर शेडमध्ये पुन्हा पिल्लं येईपर्यंत जे महिने जातात, त्यांचं काय? शेड भाड्यानं घेतलेलं असतं तर निदान भांडायला एक कागद असता.

राज्य सरकारनं २०२५च्या जुलैमध्ये पशुसंवर्धनाला शेतीसमकक्ष दर्जा देण्याचं ठरवलं. पंचवीस हजारांपर्यंत मांसल पक्षी ठेवणाऱ्यांना विजेचा दर शेतीप्रमाणे, कर्जाच्या व्याजात सवलत, ग्रामपंचायतीच्या करात एकसारखेपणा, असं त्यात आहे. निर्णय चांगला आहे आणि फार आधी व्हायला हवा होता. पण मला एक शंका छळते. संगोपन दर एकटी कंपनी ठरवते. शेतकऱ्याचा खर्च किती, हे तिला त्याच्याइतकंच माहीत असतं. वीज स्वस्त झाली, व्याज उतरलं, की पुढच्या वेळी दर वाढवायची निकड कमी झाली. अनुदान शेतकऱ्याच्या दारातून आत येतं आणि मागच्या दारानं कंपनीकडे जातं, असं झालं तर नवल नाही. सवलतीसोबत लेखी करार, मराठीत, दोघांच्या सह्यांचा, एक प्रत तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे, अशी अट घालायला सरकारला पैसा लागत नाही. त्यात तीन गोष्टी असाव्यात: भाडं, पक्षी उचलण्याचा शेवटचा दिवस, आणि त्यानंतरच्या खाद्याचा हिशेब कुणाच्या नावावर.

यावर नेहमीचं उत्तर येतं, कंपन्या नाशिक सोडून जातील. कुठे जातील? आपल्याकडे कोंबडी अजून बहुतेक जिवंतच विकली जाते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापली जाते. जिवंत पक्षी लांब नेला की वाटेत वजन उतरतं, उन्हाळ्यात मरही होते. मुंबईच्या दुकानात पहाटे माल हवा असेल तर रात्री भरलेली गाडी घाट उतरून सकाळपर्यंत पोचली पाहिजे. त्या टप्प्यात जितकी शेडं आहेत तितकी उभी करायला कंपनीला स्वतःचे पैसे घालायचे झाले, तर तिचा वित्त विभाग आठवड्यात भाडं देणं कसं फायद्याचं आहे याचा अहवाल लिहील. इतकी वर्षं शेड स्वतः बांधायची गरज पडली नाही, कारण आम्ही बँकवाल्यांनी ती शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बांधून दिली.

भाच्याची गाडी शेवटी पन्नासाव्या दिवशी लागली, रात्री दोन वाजता. क्रेट, काटा, टॉर्च आणि कोंबड्यांचा कलकलाट. तो काट्यासमोर वहीत वजनं लिहीत उभा होता. पक्षी पकडत होते व्यापाऱ्याची पोरं आणि शेडवर राहणारं ते जोडपं. सुरगाण्याकडचे आहेत, शेडच्या टोकाला पत्र्याची खोली आहे त्यात राहतात. पिल्लांच्या गोलाजवळ रात्रभर जागतो असं मी वर ज्याला 'घरातलं माणूस' म्हटलं, ते दिंडोरीच्या या शेडवर बहुतेक रात्री त्यातली बाई असते. गाडी गेल्यावर मी भाच्याला विचारलं, गॅपमध्ये यांना काय देतोस?

म्हणाला, "काम असेल तितके दिवस देतो ना. शेड धुणं, चुना मारणं. बाकी दिवस गावाला जातात."

वर मी महिना बारा हजार धरले ते बाराही महिन्यांचे. प्रत्यक्षात तो एवढे देत नाही, म्हणूनच त्याचं पाच बॅचमध्येही कसंबसं भागतं. मग कंपनीनं तुला जे करू नये म्हणतोस, तेच तू यांना करतोयस, असं मी म्हटलं. करारात शेडचं भाडं आलं तर त्याच कागदावर या दोघांचा बारमाही पगारही यायला हवा, नाहीतर मी हे सगळं कुणासाठी लिहितोय?

त्यानं वही मिटली. "मामा, बाकीचं छापा. हे तेवढं नका छापू."